ऊस आणि उसाला : मराठी वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवरील शोधसुविधेची चिकित्सा

प्रास्ताविक

वृत्तपत्राचे आयुष्य एका दिवसाचे असते, ही समजूत छापील कागदाच्या काळात बऱ्याच अंशी खरी होती. दुसऱ्या दिवशी त्या अंकाची रद्दी होई. ज्याला जुना मजकूर हवा असेल त्याच्यासाठी दोनच मार्ग उरत : ग्रंथालयातील बांधीव संच आणि वृत्तपत्राच्या कचेरीतील कात्रण विभाग. संकेतस्थळांमुळे ही स्थिती पालटली. आजची बातमी आणि पंधरा वर्षांपूर्वीची बातमी एकाच पत्त्यावर, एकाच वाचकाला, घरबसल्या उपलब्ध होऊ लागली. मात्र मजकूर साठवलेला असणे आणि तो सापडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. साठवलेल्या लाखो बातम्यांपर्यंत जाण्याचा वाचकाचा मार्ग म्हणजे पानाच्या वरच्या कोपऱ्यातील एक लहानशी शोधपेटी. ती पेटी मराठी जाणत नसेल, तर तो सारा संग्रह असून नसल्यासारखा होतो.

वापरसुलभतेची व्याख्या करणाऱ्या आयएसओ ९२४१-११ या आंतरराष्ट्रीय मानकाने (१९९८, सुधारित आवृत्ती २०१८) तीन निकष सांगितले आहेत : परिणामकारकता, कार्यक्षमता आणि समाधान. आपल्याकडील चर्चा बहुधा नंतरच्या दोन निकषांभोवती फिरते. शोधपेटी कोठे असावी, भिंगाचे चिन्ह पुरेसे ठळक आहे काय, भ्रमणध्वनीच्या पडद्यावर निकाल किती ओळींत दिसावेत, हे प्रश्न गैर नाहीत. परंतु ते दुय्यम आहेत. हवी ती बातमी मिळते की नाही, हा पहिला निकष आहे आणि मराठीच्या बाबतीत तो मुख्यतः व्याकरणाचा आणि लेखनपद्धतीचा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात कोणत्याही एका संकेतस्थळाचे गुणांकन केलेले नाही. संकेतस्थळे वरचेवर बदलतात, आज केलेली तपासणी सहा महिन्यांत शिळी होते. शोधसुविधा मराठी मजकुरापाशी नेमकी कोठे अडखळते आणि ती अडचण दूर करण्याची जबाबदारी कोणाची, एवढाच विचार येथे केला आहे.

कात्रण विभागाची रीत

कात्रण विभागातील कर्मचारी बातमी वाचत असे आणि तिचा विषय ठरवून ती त्या विषयाच्या लिफाफ्यात ठेवत असे. बातमीच्या मथळ्यात 'शेतकरी' हा शब्द आहे की 'बळीराजा', याने त्याचे काही अडत नसे. वर्गीकरण अर्थावर होई, अक्षरांवर नव्हे. या रीतीचे मोठे रूप म्हणजे 'द न्यूयॉर्क टाइम्स' १९१३ पासून प्रसिद्ध करीत आलेली आपल्याच अंकांची विषयसूची. मराठीतही सूचीकार्याची परंपरा क्षीण नाही. शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ या कालखंडातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली, ती एका माणसाच्या चिकाटीचे आश्चर्य वाटावे अशी आहे. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच नियमांपैकी चौथा नियम वाचकाच्या वेळेची बचत करण्याविषयीचा आहे. शोधपेटी ही या नियमाची यंत्ररूप अंमलबजावणी ठरायला हवी होती. प्रत्यक्षात यंत्र आले तेव्हा कात्रण विभागातील माणूस गेला. त्याचे काम यंत्राला शिकवावे लागते, याचा विचार मात्र फारसा झाला नाही.

एक उदाहरण : विदर्भ, २००६

१ जुलै २००६ रोजी तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा हे ते जिल्हे. शेतकऱ्यांच्या आत्महत्या हा त्यामागील विषय होता. समजा, समाजशास्त्राच्या एखाद्या विद्यार्थिनीला त्या काळातील मराठी वृत्तपत्रांनी हा विषय कसा हाताळला, याचा अभ्यास करावयाचा आहे. ती शोधपेटीत स्वाभाविकपणे 'शेतकरी आत्महत्या' असे लिहील.

आता बातमीतील भाषा पाहू. बातमीत 'शेतकरी आत्महत्या' असे मूळ रूपातले शब्द क्वचितच शेजारी येतात. तेथे 'शेतकऱ्याने', 'शेतकऱ्यांच्या', 'शेतकऱ्यांना' अशी रूपे असतात. इंग्रजीतील नामाला अनेकवचनाचा एक प्रत्यय लागतो आणि नामाचे अंग फारसे हलत नाही. मराठीत नाम आधी सामान्यरूप धारण करते, मग विभक्तीचा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय त्याला चिकटते. जी शोधसुविधा केवळ जसाच्या तसा शब्द जुळवते, तिच्या दृष्टीने 'शेतकरी' आणि 'शेतकऱ्यांच्या' यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. शिवाय विदर्भातील वार्ताहर 'कास्तकार' लिहितो, पुण्यातील उपसंपादक मथळ्यात 'बळीराजा' बसवतो. जिल्ह्याचे नाव कोठे 'बुलढाणा' तर कोठे 'बुलडाणा', कोठे 'वाशीम' तर कोठे 'वाशिम' असते. विद्यार्थिनीसमोर येणारी यादी तुटपुंजी असते. आणि अधिक गंभीर गोष्ट अशी की ती तुटपुंजी आहे हे तिला कळण्याचा मार्ग नसतो. न सापडलेली बातमी आपण न सापडल्याचे सांगत नाही. त्या वर्षी त्या वृत्तपत्राने या विषयाकडे दुर्लक्ष केले, असा निष्कर्ष ती प्रामाणिकपणे काढू शकेल, आणि तो वृत्तपत्रावर अन्याय करणारा असेल.

डोळ्यांना एक, यंत्राला अनेक

वरील उदाहरणातील 'शेतकऱ्यांच्या' या एकाच शब्दात आणखी एक खाच आहे. त्यातील 'ऱ्य' हे जोडाक्षर संगणकावर निरनिराळ्या प्रकारे साठवले जाते. युनिकोडमध्ये या अर्ध्या र साठी 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरावे अशी शिफारस आहे. साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह अशी जुनी रीतही मान्य आहे. याखेरीज 'ऱ' हे अक्षर र आणि नुक्ता अशा दोन तुकड्यांतही असू शकते. पडद्यावर तिन्हींचे दर्शन सारखे. साठवणीत तिन्ही वेगवेगळे.

वृत्तपत्रांच्या नित्याच्या शब्दांत असे कितीतरी आहेत. 'काँग्रेस' या शब्दात काना आणि चंद्रबिंदू असतो, 'कॉंग्रेस' या शब्दात ऑकार आणि अनुस्वार. टंकलेखकाचे बोट कोणत्या कळीकडे वळले यावर देशातील एका प्रमुख पक्षाच्या बातम्या दोन ढिगांत विभागल्या जातात. 'बँक' आणि 'बॅंक' यांची गोष्ट तीच. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत समाविष्ट झाले. तोपर्यंत अ आणि अर्धचंद्र जोडून काम भागवले जात होते, आणि तसे लिहिण्याची सवय पुढेही राहिली. परिणामी 'ॲड.' या उपाधीने ओळखले जाणारे वकील शोधताना अक्षराची घडण कोणत्या वर्षाची, हे आधी ठाऊक असावे लागते. वर्षांचे आकडे कोठे देवनागरी अंकांत असतात, कोठे आंतरराष्ट्रीय अंकांत.

महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयान्वये मराठी वर्णमाला आणि लिपी यांचे प्रमाणीकरण केले. त्यानंतर ल आणि श यांच्या वळणांवर बरीच चर्चा झाली. ती चर्चा डोळ्यांना दिसणाऱ्या आकृतीची होती. ल कसाही काढला तरी यंत्रातील त्याचा संकेतांक एकच असतो, त्यामुळे शोधात काही बिघडत नाही. जेथे आकृती एक आणि संकेतांक भिन्न, तेथे खरे बिघडते. आणि सर्वसामान्य चर्चेत नेमका तोच भाग मागे राहिला.

हे भेद मिटवणे कठीण नाही. बातमी साठवताना आणि वाचकाचा शब्द घेताना दोन्हीकडे एकच प्रमाण रूप करून घ्यावे, एवढेच. मात्र ते मराठीसाठी केलेले असावे लागते. 'लुसीन' या मुक्तस्रोत शोधप्रणालीत हिंदीसाठी असा एक तयार भाग आहे आणि तो मराठीला जसाच्या तसा लावण्याचा मोह होणे साहजिक आहे. तो चंद्रबिंदूचा अनुस्वार करतो आणि ऑकाराचा ओकार. म्हणजे 'काँग्रेस'चे 'कांग्रेस' होते, 'कॉंग्रेस'चे 'कोंग्रेस' होते, आणि दोन ढीग दोनच राहतात. तो ह्रस्व-दीर्घाचा भेदही पुसतो. तसे केल्याने 'ऊस'चा 'उस' होतो. हिंदीत 'उस' हे सर्वनाम आहे, ते शोधात निरुपयोगी म्हणून वगळायच्या शब्दांच्या यादीत असते. तेव्हा हिंदीची पूर्ण व्यवस्था उचलून आणली तर महाराष्ट्राच्या सहकाराचा आणि राजकारणाचा कणा असलेले पीक शोधातून मुळासकट उपटले जाते. सारख्या लिपीमुळे भाषाही सारखीच मानण्याची ही किंमत आहे.

सामान्यरूपाचा पेच

या प्रश्नाचा अभ्यास झालेला नाही असे नाही. भारतीय भाषांतील माहितीशोधाच्या मूल्यमापनासाठी 'फायर' हा उपक्रम २००८ मध्ये सुरू झाला आणि त्यात मराठी आरंभापासून होती. त्यातील मजकूर वृत्तपत्रांचाच होता. त्या साहित्याच्या आधारे ल्यिलियाना डोलामिक आणि जॅक सावॉय यांनी हिंदी, मराठी आणि बंगाली यांची तुलना केली. त्यांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्यय सढळपणे छाटून शब्दाचे मूळ गाठणारी पद्धत वापरली असता, काहीच न छाटण्याच्या तुलनेत शोधाची गुणवत्ता मराठीत सुमारे ४२ टक्क्यांनी सुधारली. हिंदीत ही वाढ सुमारे २८ टक्के, तर बंगालीत सुमारे १८ टक्के होती. तिन्ही भाषांत मराठीचा लाभ सर्वाधिक आहे, याचा अर्थ प्रत्ययांकडे दुर्लक्ष केल्याचे नुकसानही मराठीतच सर्वाधिक आहे.

त्याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष अधिक कुतूहलजनक आहे. व्याकरण बाजूला ठेवून प्रत्येक शब्दाची केवळ पहिली चार चिन्हे ठेवली, तरी निकाल जवळपास तितकेच चांगले येतात. स्वस्त आणि सोपा उपाय म्हणून तो कोणाही तंत्रज्ञाला आवडेल. सरासरीने तो समर्थनीयही आहे. परंतु सरासरीत कोण बुडाले, हे पाहणे समीक्षेचे काम आहे. यंत्र मात्रा, काना आणि हलन्त यांनाही स्वतंत्र चिन्ह मानते, हे ध्यानात घेऊन काही शब्द पाहू.

'शेतकरी' आणि 'शेतकऱ्यांना' यांची पहिली चार चिन्हे सारखीच आहेत. 'शेतक' एवढे उरते आणि दोन्ही जुळतात. 'कांदा' आणि 'कांद्याचा' हेही जुळतात. 'ज्वारी' आणि 'ज्वारीला' जुळतात. 'ऊस' आणि 'उसाला' जुळत नाहीत, कारण पहिलाच स्वर बदलला. 'दूध' आणि 'दुधाचा' जुळत नाहीत. 'तूर' आणि 'तुरीचा' नाहीत, 'कापूस' आणि 'कापसाचा' नाहीत, 'गहू' आणि 'गव्हाचा' तर ओळखही दाखवत नाहीत. गावांचेही तसेच : 'नागपूर' आणि 'नागपुरात' जुळतात, 'पुणे' आणि 'पुण्यात' मात्र चौथ्या चिन्हाला फुटतात. कांद्याचा भाव सापडावा आणि कापसाचा सापडू नये, पुण्याची बातमी हरवावी आणि नागपूरची मिळावी, असा हा न्याय आहे. उलट दिशेने 'महाराष्ट्र', 'महाराज' आणि 'महाराणी' एकाच खुंटीला टांगले जातात.

हे बदल लहरी असते तर यंत्राला दोष देता आला नसता. ते लहरी नाहीत. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांत उपान्त्य दीर्घ इकार-उकार सामान्यरूपात ह्रस्व होतो, हे स्पष्ट सांगितलेले आहे; शासनाने त्यांपैकी १४ नियम १९६२ मध्ये स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली. 'कापूस'चे 'कापसा' होणे हेही नियमबद्ध आहे. 'शरीर'सारखे तत्सम शब्द या नियमाला अपवाद, हेही नोंदवलेले आहे. दादोबा पांडुरंग यांच्या १८३६ मधील व्याकरणापासून मोरो केशव दामले यांच्या १९११ मधील 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पर्यंत नामाच्या विकारांचा विचार आपल्याकडे कसोशीने झाला आहे. नियम मोजके, अपवाद मोजण्याजोगे, आणि वृत्तपत्राच्या प्रत्येक मुद्रितशोधकाला ते तोंडपाठ. नेमका हा मुद्रितशोधकच शोधसुविधेची रचना ठरवणाऱ्या बैठकीला नसतो.

नेमकेपणा की समग्रता

सिरिल क्लेव्हर्डन यांनी इंग्लंडमधील क्रॅनफिल्ड येथे केलेल्या प्रयोगांपासून शोधव्यवस्थेचे मोजमाप दोन अंगांनी केले जाते : दाखवलेल्या निकालांपैकी उपयोगाचे किती, आणि उपयोगाच्या एकूण मजकुरापैकी दाखवले किती. पहिल्याला नेमकेपणा म्हणू, दुसऱ्याला समग्रता. एक वाढवताना बहुधा दुसरी घटते. शब्दांची रूपे सढळपणे एकत्र आणली तर 'दर्या' शोधणाऱ्या वाचकापुढे डोंगरातल्या 'दऱ्या'ही येतील. भाषेच्या अभिमान्याला हे खटकेल. पण नको असलेली बातमी वाचक क्षणात ओलांडून जातो. न दिसलेल्या बातमीचे तो काहीच करू शकत नाही. जुन्या संग्रहातील शोधासाठी समग्रतेकडे झुकणे हेच योग्य, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आजच्या बातमीसाठी मात्र गणित उलटे असते. सकाळी परीक्षेचा निकाल शोधणाऱ्याला गेल्या दहा वर्षांचे निकाल नकोत. बहुतेक शोधपेट्या ताजे ते आधी या एकाच तत्त्वावर चालतात आणि त्या या वाचकाची सोय करतात. अभ्यासकाची तीच गैरसोय ठरते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवसाची मूळ बातमी शोधणाऱ्याला त्यानंतरच्या प्रत्येक पावसाळ्यातील 'त्या' पावसाच्या आठवणी आधी ओलांडाव्या लागतात. तारखेची मर्यादा घालण्याची सोय एवढा एक उपाय दोघांचाही प्रश्न सोडवतो. एवढी साधी गोष्टही वाचकाला शोधून काढावी लागत असेल, तर तिला सोय म्हणणे धाडसाचे आहे.

नावे आणि पर्याय

व्याकरणाने न सुटणारा भाग अर्थाचा. औरंगाबादचे नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले, उस्मानाबादचे धाराशिव. अहमदनगर २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. नव्या नावाने शोधणाऱ्यापुढे त्या शहराचा इतिहास जणू नामांतराच्या दिवसापासून सुरू होतो. नाव कोणते असावे हा वाद येथे अप्रस्तुत आहे. दोन्ही नावांनी दोन्ही काळांतील बातम्या मिळाव्यात, यावर वाद होण्याचे कारण नाही. मराठी मथळ्यांची लकब ही दुसरी अडचण. एसटी 'लालपरी' होते, पाऊस 'वरुणराजा' होतो, कापूस 'पांढरे सोने' होतो. मथळ्याचा हा रंग घालवावा असे कोणी म्हणणार नाही. अशा पर्यायांची यादी करून ती शोधसुविधेला जोडणे, हे मात्र बातमी लिहिणारेच करू शकतात. तंत्रज्ञाने ती यादी करावी ही अपेक्षाच चुकीची.

यावर कोणी म्हणेल की वाचक बाहेरच्या सर्वसाधारण शोधयंत्रातून संकेतस्थळाचे नाव घालून शोध घेऊ शकतो, आणि अनेकजण तसे करतातही. पण त्या यंत्राने संग्रहाचा किती भाग नोंदवला आहे, हे वृत्तपत्राच्या हाती नसते, आणि संकेतस्थळाची पुनर्रचना होऊन जुन्या बातम्यांचे पत्ते मोडले की तोही मार्ग बंद होतो. एखाद्या ग्रंथालयाने आपली सूची शेजारच्या दुकानदाराकडे ठेवावी, तसे हे आहे.

सुधारणेचा आरंभ कोठून करावा, याचे उत्तर प्रत्येक संस्थेच्या हाताशीच असते. वाचकांनी टंकलेल्या ज्या शब्दांना एकही निकाल मिळाला नाही, त्यांची नोंद यंत्र आपोआप ठेवू शकते. ती यादी आठवड्यातून एकदा मुद्रितशोधकाने आणि उपसंपादकाने वाचावी. त्यात लेखनभेद किती, सामान्यरूपे किती, रोमन लिपीत लिहिलेली मराठी किती आणि खरोखरच न छापलेले विषय किती, हे वेगळे करावे. जेथे काहीच सापडत नाही तेथे कोऱ्या पानाऐवजी जवळची रूपे सुचवावीत.

सर्वांत अवघड भाग युनिकोडपूर्व मजकुराचा आहे. आरंभीच्या काळात अनेक मराठी संकेतस्थळे स्वतःच्या टंकावर चालत. त्या टंकांत देवनागरी अक्षरांच्या आकृत्या रोमन अक्षरांच्या जागी बसवलेल्या असत, म्हणून तो टंक नसलेल्या संगणकावर बातमीऐवजी रोमन अक्षरांचा अर्थहीन गोंधळ दिसे. असा मजकूर युनिकोडमध्ये आणण्यासाठी त्या त्या टंकाचा अक्षरनकाशा लागतो. प्रत्येक टंकाचा नकाशा निराळा आणि काही जोडाक्षरांसाठी दोन-दोन खुणा वापरलेल्या. ई-पेपरची जी पाने निव्वळ चित्ररूपात आहेत, त्यांत तर शोधावे असे अक्षरच नाही. हे टंक ज्यांनी रोज हाताळले ते अक्षरजुळणी विभागातील लोक आता निवृत्तीच्या वयाचे आहेत. कोणत्या टंकात 'ऱ्य' कोणत्या कळीवर होता, हे आज त्यांना विचारता येते.